मागे वळायचं नाही

थंडी ओसरायला लागली की आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये सात दगड पाण्यात बसायचे. गॅलरीत परात, परातीत पाणी आणि पाण्यात दुर्गाच्या माहेरच्या विहिरीतले सात गोटे. त्यांना हळदकुंकू आणि दहीभात. या साती आसरा, पाण्यातल्या बाया. माघ सरताना त्यांना जेवू घातलं की वर्षभर त्या घरातल्या माणसाला पाण्यात ओढत नाहीत, असं तिच्या आईनं सांगितलेलं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'या घरात दगड म्हणून मी एकटा पुरे आहे,' असं म्हणत पाच वर्षांपूर्वी मी ते सोसायटीच्या बागेत फेकून दिले. दुर्गा काही बोलली नाही.

त्याच मे महिन्यात आमचा सुदर्शन मित्रांबरोबर खडकवासल्याला गेला आणि बुडाला. बावीस वर्षांचा होता.

तेव्हाही ती काही बोलली नाही. स्वयंपाक करत राहिली, माझ्या गोळ्या वेळेवर हातात देत राहिली. तिनं एकदा तरी माझ्या नावानं बोटं मोडावीत म्हणून मी वाट पाहत होतो. दगडांनी कुणी बुडत नाही आणि वाचतही नाही, हे मला कळतं. पण ती बोलल्याशिवाय माझी सुटका नव्हती.

परवा सकाळी ती म्हणाली, "आंब्याला मोहोर आलाय. आसरांचं पुन्हा सुरू करते. उद्या धरणावर जाऊ, तुम्हीही चला."

"आणि दगड?"

"कुठलेही चालतील."

दुपारी मी बागेत जास्वंदीखाली गुडघ्यांवर बसून माती उकरली. वॉचमननं विचारलं, "काका, काय हरवलं?" मी म्हटलं, "अक्कल." पाच गोटे सापडले. दोन शेजारच्या बांधकामावरून उचलले. दुर्गानं सातही धुतले, ते दोन जरा जास्त वेळ हातात धरले आणि पिशवीत टाकले.

काल खडकवासल्याला पाणी बरंच मागे हटलं होतं. तिनं काठावर दगड मांडले, सात पानांवर दहीभात वाढला, हात जोडले. मीही जोडले. मग ती म्हणाली, "आता मागे वळायचं नाही. वळलं तर पाण्यातलं माणूस मागोमाग येतं, म्हणतात. तुम्ही पुढे व्हा."

वर रस्त्यावर रिक्षा थांबवून ठेवली होती. चिखल तुडवत मी निम्म्या वाटेवर आलो आणि मला राहवलं नाही. ओल्या केसांनी, हातात चपला घेऊन तो येत असेल, असं मला अगदी खरं वाटलं. मी वळलो.

पाणी होतं. एक कुत्रं दहीभात खात होतं. आणि मध्ये, पाण्याकडे पाठ करून, दुर्गा उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती.

"वळलात," ती म्हणाली.

"सहज."

"म्हणजे तो येईल असं तुम्हालाही वाटलं." तिचा आवाज चढला नाही. "मग माझे दगड का फेकलेत?"

पाच वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो, आणि उत्तर तयार केलं नव्हतं. वर रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.