तीन पिल्ले आणि बाभळीचं खोड

मी पाणकावळा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका, माझं डोकं फिरलेलं आहे.

समुद्राकाठचे माझे भाऊबंद म्हणे उंच कड्यावर घरटी बांधतात. तिथे माणसाचा हात पोचत नाही. माझ्या वाट्याला आला चाकूरजवळचा तलाव आणि त्यात अर्धी बुडालेली बाभूळ. तिथेच मी अंड्यातून बाहेर आलो, तिथेच बुडी मारायला शिकलो आणि यंदा तिथेच आम्ही दोघांनी काटक्यांचं घरटं बांधलं. तीन पिल्ले झाली. दिवसभर बुड्या मारून मी त्यांची पोटं भरत होतो.

मग गावच्या व्यंकटरावांनी तलाव मासेमारीला घेतला आणि पाण्यात रोहू माशाचं बी, म्हणजे बारीक पिल्ले, सोडलं. बी वाढेना. ओले पंख वाळवत मी फांदीवर बसलेला त्यांना दिसलो, झालं!

"ह्योच चोर हाय. समदं बी ह्योच खायलाय. तोड रं ती बाभळ!"

त्यांचा गडी बजरंग कुऱ्हाड घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला. आम्ही दोघं ओरडत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिलो. बाभूळ आडवी झाली. दोन पिल्ले पाण्यात गेली. तिसरं काठाच्या चिखलात पडलं. घाबरलं की आमची पिल्ले खाल्लेलं ओकतात, तसं ते ओकलं.

गावातली धोंडाबाई तिथेच म्हशी धूत होती. तिने पिल्लू उचललं, चिखलातले मासे बोटाने उलटेपालटे केले.

"व्यंकटराव, ही तर चिलापी हाय, तळ्यात आपसूक माजनारी. रोहू एक बी न्हाई. आवं, चिलापीच तुमचं बी खायली व्हती, आन् ही पाखरं तिला खायली व्हती!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. व्यंकटराव खाली वाकले. मासे नीट पाहिले. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल.

"असंल," ते म्हणाले. "आता पान्यात उतरलाच हाईस बजरंग, तर ती पल्याडची दोन झाडं बी तोडून टाक."

त्या दोन झाडांवर आमच्या जातभाईंची आणखी नऊ घरटी होती.

तिसरं पिल्लू धोंडाबाईच्या पदरात मेलं. माझी जोडीदारीण त्याच दिवशी उडून गेली, ती परतली नाही. मी आता काठावरच्या, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीवर एकटा बसतो. तलावात चिलापी माजली आहे, आणि गावात अजून मलाच शिव्या पडतात.

कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा डोळे उघडून पाहा, अशी विनंती मी करणार होतो. पण व्यंकटरावांनी तर पाहिलं होतं.