बोटावरचा आकडा

मी एक ऑक्सिमीटर बोलतोय. ओळखलंत ना? कोरोनाच्या दिवसांत माझा एखादा भाऊबंद तुमच्याही घरी आला असेल. कपड्यांच्या चिमट्यासारखं तोंड उघडायचं, बोट धरायचं आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगायचं, एवढंच आमचं काम. आता आम्हाला कुठल्याशा खणात टाकून विसरलाही असाल, त्याचा राग नाही. पण तेव्हाचे तुमचे चेहरे आठवले की अजून हसू येतं. नव्व्याण्णव आले की पोरगं बोर्डात आल्याचा आनंद, आणि त्र्याण्णव आले की मलाच झटकून परत लावायचं!

मला विकत घेतलं डॉक्टर ओमेश्वरी कापगतेने. गोंदिया जिल्ह्यात केशोरीकडच्या एका दवाखान्यात ती काम करायची. तिने दोन घेतले, एक स्वतःला आणि दुसरा, म्हणजे मी, डॉक्टर टिकेश कटरेला. दोघं मेडिकल कॉलेजात एका वर्गात होते. हजेरीपटावर कापगते चाळीस नंबरला, कटरे एक्केचाळीसला. त्यामुळे शवविच्छेदनाचं टेबल एक, प्रॅक्टिकलची तुकडी एक. तोंडी परीक्षेला ती आत, हा दाराबाहेर घाम पुसत उभा. बाहेर आल्याबरोबर तिने आत काय काय विचारलं ते एका दमात सांगायचं, आणि सरांनी त्याला हमखास दुसरंच विचारायचं. डॉक्टर होऊन सहा वर्षं झाली तरी फोनवर तो तिला "चाळीस, जेवलीस का?" असंच विचारायचा.

टिकेश आमगावजवळच्या आपल्या गावातून रोज कोविड सेंटरला जायचा. दिवसाला शंभर बोटं तरी माझ्यात यायची. विडी वळणारी, धानाची रोवणी करून भेगाळलेली, लग्नाची मेंदी न उतरलेली. आकडा चांगला असला की तो मोठ्याने सांगायचा. वाईट असला की आधी खांद्यावर हात ठेवायचा. एप्रिल २०२१ मध्ये एका दुपारी त्याने स्वतःचंच बोट माझ्यात घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

घरी वडील होते, उदेलाल. आई मुन्नीबाईंना टिकेशने मुर्री गावाला त्यांच्या बहिणीकडे धाडून दिलं होतं. आजाराचे पहिले चार दिवस तो स्वतः आकडा वाचून ओमेश्वरीला कळवायचा. पाचव्या दिवशी खोकल्याने त्याला बोलवेना, तेव्हा ते काम उदेलालकडे आलं. उदेलाल सातवी शिकलेले, मोबाइलवरचे आकडे सरावाचे. पण माझ्या काचेवर दोन आकडे असतात, एक प्राणवायूचा, दुसरा नाडीचा. तापात टिकेशची नाडी शंभराच्या वर पळत होती. म्हणून ओमेश्वरीने फोनवर समजावलं की काकाजी, दोन आकडी असेल तेवढंच सांगा, तीन आकडी सोडून द्या. सूचना शहाणपणाची होती, आजही मी तिला दोष देत नाही.

आता माझ्या घडणीतली एक गोष्ट सांगतो. माझा आकडा ज्याचं बोट आहे त्याला सरळ दिसतो, समोर बसणाऱ्याला उलटा. माझ्या काही जातभाईंना बटण दाबून आकडे फिरवता येतात, मला येत नाहीत. उदेलाल पलंगासमोर स्टूल टाकून बसत आणि पोराचा हात आपल्याकडे ओढून वाचत. त्या दिवशी सकाळी मी 96 दाखवले. 96 इकडून वाचा की तिकडून, 96च. दुपारीही तेच आले. संध्याकाळी पोराचा डोळा लागला म्हणून बापाने उठवलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी 86 दाखवले. कागदावर हा आकडा लिहा आणि कागद फिरवून पाहा. 98 होतं.

त्याच सकाळी ओमेश्वरीने वीस ठिकाणी फोन करून गोंदियाच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनची एक खाट मिळवली होती. तिथले लोक अर्धा तास थांबायला तयार होते. तिने आकडा विचारला.

"अठ्ठ्यान्नव हाये, बेटा. कालपेक्षा दोन वाढले."

"काकाजी, नीट पाहा."

"पाहूनच राहिलो ना. दोन आकडी. अठ्ठ्यान्नव."

तिचा सुस्कारा मला फोनमधून ऐकू आला. खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं तिने दवाखान्यात कळवून टाकलं. इकडे माझ्या तोंडात टिकेशचं नख निळं पडत चाललं होतं. तो ग्लानीत होता, नाहीतर एका नजरेत त्याला कळलं असतं. मला आवाज नाही. माझ्याकडे एक आकडा होता, तो मी दाखवत राहिलो. खरं सांगूनही खोटं पोचतं तेव्हा काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी त्याला धाप लागली. गाडी मिळेपर्यंत तास गेला. गोंदियाच्या वाटेवर बापाच्या मांडीवर तो गेला, तेव्हा मी उदेलालच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

पुढे धान कापून झाल्यावर ओमेश्वरी त्या घरी आली. तोवर उदेलाल येईल त्याला एकच विचारत असत, अठ्ठ्यान्नव होता, मंग पोरगा गेला कसा? तिलाही त्यांनी तेच विचारलं. मग मला आणून तिच्या पुढ्यात ठेवलं, तुझी वस्तू आहे, घेऊन जा म्हणाले. चालू आहे की नाही ते पाहावं म्हणून त्यांनी मला तिच्याच बोटाला लावलं आणि नेहमीसारखे समोर बसून वाकले. त्या घरात पाऊल ठेवल्यापासून तिची नाडी शंभराच्या वर होती. त्यांनी दोन आकडी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुयं तं शहाऐंशी हाये, बेटा. दम तं नाई लागून राहिला?"

तिने खाली पाहिलं. तिला सरळ 98 दिसत होतं. तिने आपल्या बोटाकडे पाहिलं, समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि कळल्याचं मलाही कळलं, कारण तिच्या नाडीचा ठोका एकदम चुकला. सोडून दिलेली खाटही तिला त्याच क्षणी आठवली असणार.

तिने मला बोटातून काढलं.

"हा बिघडला आहे, काकाजी."

उदेलाल हळूच म्हणाले, "मंग त्या दिवशी बी?"

"त्या दिवशीही. यानेच फसवलं आपल्याला."

म्हातारा ढसाढसा रडला. "मले वाटे, मायंच काई चुकलं असन," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण रडली नाही. तिला कोणाजवळ रडता येणार होतं?

आता मी केशोरीला तिच्या टेबलाच्या खणात असतो. माझे सेल काढून ठेवलेत. आयुष्यात मी एकदाही खोटा आकडा दाखवला नाही, आणि यंत्राला याहून मोठा अभिमान तो कोणता? तरी तुम्हाला हात जोडून एक मागतो. कधी आमगावकडे गेलात आणि उदेलाल कटरे भेटले, त्यांनी माझी गोष्ट काढली, तर ही हकिगत सांगू नका. ऑक्सिमीटरच बिघडलेला होता, एवढंच म्हणा.