गोफणीचा पल्ला

बहात्तरच्या जानेवारीत, लढाई संपल्यावर, रंगनाथ फौजेतून सुट्टीवर आला तो एक थाप घोकतच आला. नगरला एसटीत बसल्यापासून गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत एकच वाक्य: काकू, गोरक्षनं विमान पाडलं, मग गेला.

थापेशिवाय त्याला तोंडच नव्हतं. गोरक्षला भरतीला त्यानंच नेलं होतं. गोरक्षची आई लंकाबाई नको म्हणाली, तेव्हा हाच शहाणा तिला सांगत होता, "काकू, आमची विमानावर मारायची तोफ. ती मागं, पुलापाशी असती. लढाई लांब. आन् वरून कावळा बी जाऊ देत न्हाई आमी." वर्दी नवी असली की जीभ अशी सैल सुटते.

लंकाबाई रानात राखणीच्या माळ्यावर उभी होती. ज्वारी हुरड्यात आलेली, आणि पाखरं काही सुतक पाळत नाहीत. रंगनाथ वर चढला, तिच्या पाया पडला. तिनं गोफण थांबवली.

"पाडलं का रे विमान, माझ्या लेकानं?"

इतकी सोपी वाट तिनंच करून दिली, आणि नेमकी तेव्हाच थाप तोंडातून निघेना.

"न्हाई, काकू."

"तोफ हुती ना?"

"हुती. पन तिचा पल्ला दीड-दोन मैल. विमान त्याच्या वर हुतं."

"मग कशाला गोळे उडवले?"

"ते खाली आलं असतं तर पूल गेला असता. आमी मारत राह्यलो म्हनून वरच राह्यलं. वरून नेम चुकला."

लंकाबाईनं गोफणीत खडा घातला, गरगरा फिरवून सोडला. खडा बांधाच्या अलीकडेच पडला. जवळची पाखरं उठली. बांधापलीकडची हलली नाहीत.

"आमी तरी कुठं पाखरं मारतो," ती म्हणाली. "बसू देत न्हाई, एवढंच."

साहेबांनी वर्गात महिनाभर जे शिकवलं ते तिला एका खड्यात कळलं. रंगनाथला हायसं वाटलं. तेवढ्यात तिनं विचारलं, "नेम चुकलेला बॉम्ब कुठं पडला?"

"गोरक्षच्या तोफेवर. मी पुलाच्या पल्याड हुतो."

"म्हंजी तुमी गप बसला असता, तर ते खाली येऊन पुलावर टाकून गेलं असतं. माझा गोरक्ष वाचला असता."

"व्हय, काकू."

लंकाबाईनं गोफणीची दोरी गुंडाळून घेतली. मग म्हणाली, "पूल हाय का?"

"हाय."

तिनं गोफण त्याच्या हातात दिली आणि माळ्यावरच खाली बसली. पाखरांचा थवा सरळ माळ्याखालच्या कणसांवर उतरला. सवयीनं रंगनाथनं खडा उचलला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज खाऊ दे त्यास्नी."

मग तिला रडू फुटलं. रंगनाथ तिच्या शेजारी खडा मुठीत धरून बसून राहिला. दिवस कलेपर्यंत पाखरं तिची ज्वारी टिपत होती.