पायाखालचा नमदा

राग आला की माझी सुई सरळ चालते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गाड्यांच्या सीटा शिवते मी, तेवीस वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी माझी भावजय दुकानात आली, दोन्ही हात शालीत गुंडाळून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, त्या ट्रकचं काहीतरी करा, नाहीतर मी माहेरी जाते." मला इतका राग आला की जेवायच्या आधीच दोन सीटा शिवून झाल्या.

राग भावजयीचा नव्हे, भावाचा. माझा धाकटा भाऊ. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक त्याने सहा वर्षांपूर्वी लिलावात घेतला आणि तेव्हापासून डोंगरावरच्या खाणीतून दगड आणतो. ट्रक कसला, चाकांवरचा पत्र्याचा डबा. इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, वर नुसतं लोखंडी झाकण. दारांना रबर नाही, डोक्यावर ताडपत्री, आणि हीटरचं तर नावच नको. सैनिकाला थंडी वाजत नाही असं कुणीतरी कागदावर ठरवलं असणार. आत बसून बोलायचं म्हणजे बोंबच मारावी लागते. खाणीवर माझ्या भावाला भोंगा म्हणतात ते त्यामुळेच.

"घरी येतात आणि भिंतीसारखे बसतात," भावजय सांगत होती. "मी काही बोलले तर उत्तर नाही. विचारलं तर म्हणतात, गाडीच्या आवाजाने कानाला दडे बसलेत, उद्या सुटतील. तीन वर्षं झाली, यांचा उद्या काही उजाडत नाही."

तिचा आवाज अजिबात रडका नव्हता, आणि मी घाबरले ती त्यालाच. रडणारी बाई अजून भांडायला तयार असते. हिची पेटी भरून झालेली असणार.

संध्याकाळी भावाला दुकानासमोर अडवलं. "रविवारी ट्रक इथे आण. तुझी केबिन मी गप्प करते आणि ऊबदारही करते. मग बघते तुझे दडे."

"कशाला ताई? चाललंय की."

"तुझं चाललंय. तिचं संपलंय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग खांदे पाडून निघून गेला. लहानपणापासून असाच, अडचणीत आला की मूग गिळून बसणार. पण रविवारी ट्रक घेऊन आला. बरोबर भावजयही आली, बघायला.

माझी पद्धत साधी आहे. भर दुपारी केबिनमध्ये बसायचं, काचांवर गोधड्या टाकायच्या आणि दार लावून घ्यायचं. आत अंधार झाला की जिथून ऊन दिसेल तिथून वारा येतो. आवाजही तिथूनच. मी हातात खडू घेऊन बसले आणि चक्रावले. पेडलांच्या दांड्यांभोवती भोकं, वायरी जातात तिथे भोकं, दाराच्या बिजागरीजवळ तर माझा अंगठा जाईल एवढी फट. एवढ्या हिमवाऱ्यात हा माणूस सहा वर्षं बसला आणि एकदाही सख्ख्या बहिणीच्या दुकानाशी थांबला नाही. शेजारीपाजारी माझ्याकडून सीटा शिवून घेतात आणि माझा भाऊ गोठत हिंडतो. लोकांनी काय म्हणायचं मला?

तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच मी काम केलं. भोकांत रबराच्या चकत्या बसवल्या. दारांना कडेने रबराचं बीडिंग लावलं. इंजिनाच्या झाकणाला आतून डांबरी पत्रा, वरून फोम आणि त्यावर जाड रेक्झिनचा अंगरखा शिवून चढवला. ताडपत्रीला खालून अस्तर दिलं. मग जमिनीकडे वळले, तर तिथे आणखी एक रत्न. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई टाचेएवढ्या जागेत गोल कापलेली. खाली उघडा पत्रा, घासून घासून चकचकीत झालेला. आणि याच्या पायात या थंडीत कापडी बूट, तळवे कागदासारखे झिजलेले.

"हे काय? उंदराने खाल्लं?"

"ते राहू दे, ताई. पायाखाली काही नको."

"थंडी पायातूनच चढते. गप बस."

"ताई, मी सांगतो ना, राहू दे."

"का? कारण सांग."

कारण सांगता येईना. भावजय हाताची घडी घालून बघत होती. "बघा," ती म्हणाली, "माझ्याशी घरी असंच." त्याने तिच्याकडे पाठ केली आणि पाना पुसायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकरीचा बोटभर जाड नमदा होता माझ्याकडे, थंड गोदामांच्या दारांना लावतात तो. दुहेरी घडी करून, सोल्युशन फासून, मी तो त्याच्या पायाखाली चिकटवला आणि वरून दोनदा टाचेने ठोकला.

चारच्या सुमाराला आम्ही दोघं चक्कर मारायला निघालो. भावजय दुकानात थांबली.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. इंजिन कुठेतरी दूर गुरगुरत होतं, वारा आत येत नव्हता, इंजिनाचीच ऊब आत राहिली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या केबिनमध्ये माणसासारखं बोलता येणार होतं. "आता कसं वाटतंय?" मी म्हटलं.

त्याने उत्तर दिलं नाही. म्हटलं, फुगलाय.

"बोल की रे. एवढं केलं तुझ्यासाठी."

काही नाही, नजर रस्त्यावर. मी मनातल्या मनात भावजयीला नमस्कार केला. मी तर तीन दिवसांत पळाले असते.

चढ लागला. तो ट्रक जुन्या पद्धतीचा, इंजिनाचा वेग बरोबर जुळला तरच गिअर पडतो, नाहीतर दातावर दात. माझ्या भावाचा गिअर कधी वाजत नाही, खाणीवर पैजा लागतात त्यावर. आज चढावरचा पहिलाच गिअर करकरला. दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा तेच. ट्रक थोडा मागे सरकला. त्याने ब्रेक दाबून धरला, कपाळावर घाम, एक हात खाली घातला आणि माझा नमदा कोपऱ्यातून ओरबाडायला लागला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. खाणीकडे निघालेली रिकामी गाडी आमच्या मागे येऊन थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मला स्वच्छ ऐकू येत होतं. ऐकू येणारच, केबिन मीच गप्प केली होती. माझ्या भावाने आरशात बघितलंसुद्धा नाही.

मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. "मागे गाडी आहे. हॉर्न वाजतोय."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. "कुठला हॉर्न?" त्याने विचारलं.

हात बाहेर काढून मी मागच्या गाडीला थांबायची खूण केली आणि भावाच्या दंडावर दणका घातला. दोनदा घातला. "किती दिवस झाले?"

त्याने तीन बोटं वर केली. "वर्षं. लायसन्स जाईल ताई. या गाडीत सगळेच ओरडतात, म्हणून कुणाला कळत नाही. घरी... घरी आवाजाचं कारण सांगितलं की भागतं."

"आणि गिअर?"

"पायाला कळतं. पत्र्यातून."

मी त्या घाटात मोठमोठ्याने त्याला शिव्या दिल्या, आणि त्याला त्या ऐकू येत नव्हत्या म्हणून आणखी दिल्या. हा बहिरा माणूस तीन वर्षं दगड भरून हा उतार उतरत होता. कुणाचं पोर चाकाखाली आलं असतं. आणि मी? शेजारी बसायचे तेव्हा मीही ओरडूनच बोलायचे, त्याच्या पाठीमागून कधी हळू आवाजात बोलून बघितलंच नाही. शहाणी समजत होते स्वतःला.

खाली तर यायलाच हवं होतं. मी पिशवीतून सुरी काढली आणि माझ्याच हाताने चिकटवलेला नमदा टाचेएवढा गोल कापून काढला. त्याने बूट काढून पाय पत्र्यावर ठेवला. वळून आम्ही एका गिअरमध्ये उतरलो. मागून येणारी गाडी मी ऐकायची आणि त्याच्या खांद्यावर थापटायचं. पूर्ण वाटेत मला रडू येत होतं आणि ते रागाचंच होतं.

दुकानासमोर ट्रक थांबला तशी मी किल्ली काढून घेतली. "आता सांग तिला. मी सांगणार नाही."

भावजय अर्धवट शिवलेल्या सीटवर बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, जमिनीकडे बघत. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे गेल्या महिन्यात..."

तो खालीच बघत होता. मी त्याची हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं.

"गेल्या महिन्यात मी भांडी घासत होते. तुम्ही मागे बसला होतात. मी विचारलं, मी गेले तर तुम्हाला काही वाटेल का. तुम्ही उठलात आणि दार ओढून बाहेर गेलात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"मला माहीतच नाही तू विचारलंस," तो म्हणाला.

"महिनाभर मी ते उत्तर धरून बसलेय. पेटी भरली मी त्या उत्तरावर." ती उठून त्याच्या अगदी समोर आली. "आता तोंडाकडे बघा माझ्या. मी गेले, तर तुम्हाला काही वाटेल का?"

"वाटेल," तो म्हणाला. त्या केबिनमध्ये बोलायचा तसा, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. समोरचा सुतार रंधा ठेवून बाहेर आला.

"एवढं ओरडू नका. मला ऐकू येतं," ती म्हणाली, पण तोवर तिने डोळे पुसायला तोंड फिरवलं होतं.

भावाने मला विचारलं, "काय म्हणाली?"

"मी का सांगू?" मी म्हटलं. "तिच्या समोर जा आणि तिलाच विचार."