बंबवाल्याचा डावा बूट

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर काचेचा मोठा तारा लागत असे, आणि तो अग्निशमन दलातला बंबवालाच लावत असे. बाकीचे लोक जिनासुद्धा धापा टाकत चढतात, हा गडी उभी शिडी शीळ घालत चढायचा. यंदा मात्र गावाने परस्पर ठरवून टाकलं की त्याने चढायचं नाही, खाली खुर्चीत बसायचं.

उन्हाळ्यात लाकडाच्या वखारीला आग लागली होती. आत अडकलेल्या राखणदाराला बंबवाल्याने खांद्यावर टाकून बाहेर आणलं आणि ऐन दारात एक तुळई त्याच्या डाव्या पायावर आली. राखणदार वाचला. पायही वाचला, पण दोन बोटांएवढा आखूड होऊन. तेव्हापासून गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं, आणि डोक्यावर घेतलेल्या माणसाला जमिनीवर पाय टेकू देत नव्हतं. नगराध्यक्षांनी तर मखमली खुर्चीही मागवली होती.

"मला खुर्ची नको, बूट हवा," बंबवाला बूटवालीच्या दुकानात येऊन म्हणाला. "चढता येईल असा. तारा मीच लावणार."

"दलाचे साहेब चढू देतील?" तिने विचारलं.

"सरावाच्या शिडीवर चढून दाखव म्हणालेत. नाही जमलं तर दुसरा चढेल. आणि मग तो कायमचाच चढेल, हे मलाही कळतं."

वडिलांच्या मागे बूटवालीने दुकान एकटीने सांभाळलं होतं. गल्ल्यावर आत्या बसायची, पण कातडं कापायची रापी आणि शिवायची आरी हिच्याच हातात. एकदाच माप घ्यायचं, एकदाच कातडं कापायचं, आणि दुकानातून गेलेला जोड परत येता कामा नये, हा तिचा बाणा. तो तिने इतक्यांना ऐकवला होता की आता मोडायची सोय उरली नव्हती. शाळेपासून तिच्या मनात हा बंबवाला होता. हे फक्त आत्याला माहीत होतं. आत्याला माहीत असलेली गोष्ट गुप्त राहते असं ज्याला वाटतं, त्याने आत्या पाहिलेली नाही.

तिने त्याला फळीवर उभं केलं. आखूड पायाखाली कातड्याच्या पट्ट्या सरकवत जायच्या, कंबर सरळ झाली की थांबायचं. कंबर सरळ झाली की नाही हे दोन्ही हात ठेवूनच बघायचं असतं, नजरेवर जायचं नसतं. बूटवाली नजरेवर गेली. तीनच पट्ट्यांत तो ताठ उभा राहिला, आणि तिने माप लिहून घेतलं.

बूट झाला तो देखणाच. बंबवाल्याने घालून दोन फेऱ्या मारल्या आणि "फक्कड" म्हणाला. पण पुढच्या आठवड्यात दुकानाच्या काचेतून तो जाता येता दिसायचा, तो आधीपेक्षा जास्त लंगडत.

"तुझा बूट चालतोय, पण माणूस चालत नाहीये," आत्या म्हणाली.

"काही असतं तर तो आला असता."

"तो येतोय? आणि तू जातेयस? दोघांची नाकं इतकी वर, की पाय कुणाला दिसणार?"

बूटवालीला राग आला, आणि आत्याचं खरं असल्यामुळे जास्तच आला. नाताळ तोंडावर आला होता. तिने पट्ट्यांची पिशवी उचलली, दुकान आत्यावर सोडलं आणि तडक बंबखान्यात गेली. मागच्या अंगणात बंबवाला सरावाच्या शिडीवर एकटाच होता, तिसऱ्या पायरीवर अडकलेला. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

"उतर," ती म्हणाली. "बूट काढ."

"बूट चांगला आहे."

"ते मी ठरवीन. काढ."

तिने बूट उलटा केला. तळ पुढे चवड्याशी झिजून पांढरा पडला होता आणि टाच मात्र कोरी करकरीत, नुकती ठोकल्यासारखी. झिजलेला तळ तिला वाचता यायचा. हा माणूस टाच टेकतच नव्हता, कारण टाच जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. आणि मग फळीवरचं ते ताठ उभं राहणं तिच्या लक्षात आलं.

"मापाला तू चवड्यावर उभा होतास."

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून मोजा काढू लागला.

"मला का फसवलंस?"

"सगळं गाव मला वाकडा बघतं," बंबवाला शेवटी म्हणाला. "निदान तुझ्यासमोर तरी सरळ उभं राहावंसं वाटलं."

आता हिने खरं तर त्याला झापायचं. चार शब्द तोंडात तयारही होते. पण तिला आपली चूक आठवली, आणि लपवणं तिच्याच्याने होईना.

"हात ठेवला असता तर मला कळलं असतं. कंबरेला हात ठेवूनच माप घ्यायचं असतं. तुझ्या बाबतीत नाही ठेवला."

"का?"

"हात थरथरला असता म्हणून."

बंबवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वखारीच्या आगीत शिरलेला माणूस, पण हे ऐकून कुठे बघावं हेच त्याला कळेना. मग तो मुकाट्याने उठून अनवाणी उभा राहिला, टाच टेकवून. डावी कंबर खाली गेली, खांदा कलला, जसा होता तसा दिसला. तिने एकेक पट्टी सरकवली आणि या खेपेला दोन्ही हात ठेवून पाहिलं. हात थरथरलेच, पण माप बरोबर आलं.

नवा बूट घालून तो सरावाच्या शिडीच्या टोकाला जाऊन आला. दलाचे साहेब मिशीत हसले आणि त्यांनी तारा पेटीतून बाहेर काढायला सांगितलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चसमोर सारं गाव जमलं. लांब शिडी मनोऱ्याला लागली. दलाचा एक नियम आहे: शिडी कोणी धरायची हे चढणारा ठरवतो, त्यात साहेबही बोलत नाहीत. जीव ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस ज्याचा त्याने निवडावा. साहेब सवयीने पुढे झाले.

"आज ही धरेल," बंबवाला म्हणाला.

गर्दीत कुजबुज झाली. बूटवाली मान वर करूनच पुढे आली आणि तिने शिडीला दोन्ही हात लावले. तो चढू लागला. सगळं गाव ताऱ्याकडे बघत होतं, ती डाव्या टाचेकडे. टाच प्रत्येक पायरीवर नीट बसत होती. वर तारा लागला, आत दिवा पेटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातल्या निम्म्या टाळ्या आपल्या आहेत असं तिला वाटलं, आणि त्यात तिला काही गैर वाटलं नाही. खुर्ची रिकामी बघून आत्या तीवर ऐसपैस बसली होती, आणि तिला उठवायची नगराध्यक्षांची छाती नव्हती.

तो खाली आला. "वर असताना पायाची आठवणच झाली नाही," तो म्हणाला. बूट करणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नसते. बूटवालीचे डोळे भरून आले.

"पुढच्या वर्षी पण तूच धर," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्याही. मी चढायचा थांबलो तरी."

"गाढवा, हे चढायच्या आधी विचारायचं," साहेब म्हणाले.

"नाही म्हणाली असती तर वर हात सुटला असता, साहेब."

"नाही म्हणायचं असतं तर मी शिडी धरली असती का?" बूटवाली म्हणाली, आणि तेही मुद्दाम मोठ्याने, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.