काचेसमोर

"वहिनी, दाबा बटण. सगळे बाहेर आहेत," वायरमन काचेवर टिचकी मारत म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण? मला तर तुम्ही एकटेच दिसताय."

"अहो, तुमचे हे गेले चहाला. स्विचवरचं कुलूप काढलं, खिशात टाकलं नि कॅन्टीनच्या वाटेला लागले. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग जाता जाता इथं दोन घटका उभं राहायला काय झालं होतं?"

"ते मला काय विचारता?" तो दात काढत म्हणाला. "घरचं तुमचं तुम्हालाच माहीत."

म्हणजे आमच्या अबोल्याची बातमी इथवर पोचली होती तर! नवरा-बायको एकाच कारखान्यात कामाला असले की घरात भांडं पडतं आणि आवाज गेटपर्यंत जातो.

आमच्याकडे मक्याचा स्टार्च वाळवतात. गरम हवा आणि उडणारी भुकटी ओढून घ्यायला शेजारीशेजारी दोन ब्लोअर आहेत. एकेकाच्या गोगलगाईसारख्या लोखंडी पोटात माणसाहून उंच चाक फिरतं. चाकाच्या पात्यांवर भुकटीची खपली धरली की ते एका अंगाला जड होतं आणि सगळा सांगाडा थरथरायला लागतो. मग ब्लोअर थांबवून, आत शिरून पाती खरवडायची. हे काम आमच्या ह्यांचं. आत जाण्याआधी प्रत्येकानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर आपलं कुलूप आपणच काढायचं, हा कारखान्याचा नियम. त्यानंतर पॅनलरूमच्या काचेसमोर येऊन 'बाहेर आहे' म्हणायचं, हा मात्र माझा. ब्लोअर सुरू करायचं बटण माझ्या हातात आहे. माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय मी त्याला बोट लावत नाही. त्यावरून मला सगळे हजेरीबाई म्हणतात. म्हणेनात का.

आणि आज माझाच नवरा हजेरीला नव्हता.

अबोल्याचं कारण माझी आई. पाय घसरून पडल्यापासून तिला एकटं राहवत नव्हतं. तिला आपल्याकडे आणू या का, हे विचारायला मी कितीतरी दिवस धीर गोळा करत होते. शेवटी परवा सकाळी विचारलं. हे आरशासमोर दाढी करत होते आणि मी मागे खाली मान घालून ह्यांच्याच शर्टाला इस्त्री करत होते. ह्यांनी गालावरचा फेस निपटला, तोंड धुतलं, टॉवेल खुंटीला टाकला आणि चपला घालून चालते झाले. हो नाही की नाही नाही. तोंडात मिठाची गुळणी! नकोच असेल सासू घरात, तर तसं तोंडानं सांगावं ना माणसानं. मला असं लागलं की मीही ओठ शिवून घेतले.

फोन वाजला. साहेब होते.

"दोन नंबर का चालू होत नाही अजून? एकट्या एक नंबरवर ओढ पुरत नाहीये. वाळवणीत भुकटी कोंडायला लागलीय, तापमान बघा तुमच्यासमोर!"

काटा मला दिसत होता. लाल पट्ट्याच्या दिशेनं चालला होता. कोंडलेल्या स्टार्चच्या भुकटीला ठिणगी मिळाली तर छप्पर उडतं, हे आम्हाला कामावर येताक्षणीच सांगतात.

"साहेब, एक माणूस दिसला नाही अजून."

"कोण? मिस्तरी? ते चहाला गेलेत. वायरमननं पाहिलंय."

"मी नाही पाहिलं."

"हे बघा, घरचं भांडण घरी ठेवा. इथं माझा जीव टांगणीला लागलाय. तुम्ही त्यांना काचेसमोर यायला लावणार, ते हट्टानं येणार नाहीत, आणि मध्ये माझी लाइन पेटायची!"

साहेब वाईट नाहीत. उलट भला माणूस आहे, म्हणून बोलणं जास्तच झोंबलं. खरंच हे हट्टानं आले नसतील तर? कॅन्टीनच्या बाकावर बसून चहाचे घुटके घेत मजा बघत असतील, 'बघू कशी येते मनवायला' म्हणत? ह्यांचा स्वभाव तसा नाही, पण परवापर्यंत बायकोच्या प्रश्नाला पाठ दाखवण्याचाही नव्हता. डोक्यात अशी सणक गेली! मसणात जाऊ दे तो नियम, असं वाटलं आणि बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा.

मग हात मागे घेतला. रुसवा काय, संध्याकाळीही काढता येतो.

पॅनलची किल्ली, जिच्याशिवाय बटण चालत नाही, ती फिरवून काढली, मुठीत धरली आणि धावत सुटले. मागे फोन पुन्हा बोंबलायला लागला होता. कॅन्टीनच्या दारात डोकावले. बाकावर हे नव्हते. पोरांनी सांगितलं, अर्ध्या वाटेवरून कपाळावर हात मारून माघारी वळले, काहीतरी विसरलो म्हणाले.

दोन नंबरच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बोळात, आत शिरायचं झाकण आहे. ते उघडं होतं.

स्विचवर कुलूप नाही, झाकण उघडं, आणि मघाशी माझं बोट बटणावर होतं.

"अहो!" मी आत डोकं घालून ओरडले.

आत बॅटरी पेटलेली होती. तिच्या उजेडात ह्यांची पाठ दिसली. गुडघ्यांवर बसून, दोन पात्यांच्या मध्ये खांद्यापर्यंत हात घालून हे काहीतरी ओढत होते. पाचर! शेजारचा ब्लोअर चालू असला की त्याच्या ओढीनं बंद ब्लोअरचं चाकही फिरायला बघतं, म्हणून काम करताना चाकाला लाकडी पाचर ठोकतात. तीच आत राहिली होती. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून ह्यांनी कुलूपही परत घातलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना ह्याच दोन मिनिटांवरून शिव्या घालणारा माणूस!

"अहो, बाहेर या आधी!"

काही नाही.

"ऐकताय का? मी बोलतेय! माझ्याशी बोलू नका, पण बाहेर तरी या!"

हातभर अंतरावरून मी कंठ फोडत होते आणि हा माणूस पाचरेशी झटत बसला होता. मरणाच्या तोंडात बसूनही ह्याला अबोला सुटत नाही! माझं डोकंच फिरलं.

"कान फुटले का हो तुमचे?"

बोलून गेले, आणि माझी मीच थिजले. रुसलेला माणूस बोलत नाही, पण निदान दचकतो. ह्यांचा खांदासुद्धा हलला नव्हता. मग एकेक आठवत गेलं. दारावरची घंटा वाजली तरी हे बसून राहायचे. फोन आला की 'तूच घे' म्हणून माझ्या हातात द्यायचे. काचेसमोर हल्ली तोंडानं न बोलता नुसता हात वर करायचे. मी त्याला तोरा समजत होते. आणि परवाची ती दाढी... देवा रे.

तेवढ्यात पाचर सुटली. चाक हललं. सावकाश, झोपेतून कूस बदलावी तसं. हात अजून पात्यांच्या आतच होता. मी ह्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून मागे खेचलं. आम्ही दोघं झाकणातून बोळात आडवे पडलो. बाही फाटली, कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोलून निघालं. आत चाक आपलं फिरतच होतं, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम घाबरून म्हणाले, "तू इथं? मग पॅनलवर कोण आहे?"

मी मूठ उघडून किल्ली दाखवली. ह्यांनी डोळे मिटले.

साहेब आणि वायरमन धापा टाकत आले. उघडं झाकण, रक्तानं भरलेला हात बघून साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"मिस्तरी, वहिनींची हाक आम्हाला पार तिकडे ऐकू आली. तुम्हाला नाही आली?"

हे साहेबांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. ते बघणंही मला आजच दिसलं. मग हे हसले आणि म्हणाले, "आमचा अबोला चाललाय साहेब. मुद्दाम ओ दिली नाही."

वायरमन फसकन हसला. साहेबही कपाळाला हात लावून हसले. "धन्य आहात दोघं! अहो, वेळ काय, रुसवा काय!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांनी मागत होते. मी नुसतं हसायचं होतं, बस. वायरमननं ही गंमत वर्षभर सांगितली असती आणि ब्लोअर ह्यांच्याकडेच राहिला असता. ह्यांना दुसरं येतं काय? तळहात ठेवून बेअरिंगचं दुखणं ओळखणारा माणूस. कान जात चाललेले म्हणूनच बहुतेक तळहात इतका शहाणा झाला असेल.

"अबोला नाही साहेब," मी म्हणाले. "ह्यांना ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून येत नसावं. मलाही आजच कळलं."

माझे शब्द ह्यांना ऐकू गेले नसतील, पण माझे ओठ ह्यांनी वाचले. मान खाली घातली आणि फाटकी बाही उगाच सारखी करत राहिले.

घरी जाताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी फक्त एवढंच म्हणाले, "चारचौघांत सांगायला नको होतंस."

कानांची तपासणी झाली. ब्लोअरच्या घरघरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचे असतात तसेच ह्यांचे कान निघाले. साहेबांनी ह्यांना स्टोअरवर घेतलं. स्विचपाशी कुलपं टांगायचा फळा आहे, त्यावर ह्यांच्या लाल ठिपक्याच्या कुलपाची जागा मोकळी झाली. आणि आमच्या घरात खराखुरा अबोला सुरू झाला. आधीचा नुसता माझ्या डोक्यातला होता. हा जेवणाच्या ताटापासून अंथरुणापर्यंत होता. मी रडले, चिडले, एकदा तर कपही आपटला. पालथ्या घड्यावर पाणी. कप आपटल्याचं तर ह्यांना कळलंही नाही.

शेवटी एका सकाळी हे दाढी करत असताना मी सरळ आरसा आणि ह्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"माझ्या आईला आपल्याकडे आणू या का?"

ह्यांनी साबणाचा ब्रश खाली घेतला. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आण की," म्हणाले. "त्यात विचारायचं काय एवढं?"

मी तिथंच तोंडावर पदर घेऊन रडले. ह्यांना काही समजेना. फेसाचा हात पुसायला टॉवेल शोधत राहिले.

आई आली त्याच आठवड्यात दोन नंबर पुन्हा थरथरायला लागला. नव्या मिस्तरीनं पाती खरवडली, पाचर काढून आणून मला दाखवली, कुलूप काढलं. मग सगळे काचेसमोर आले. मिस्तरी म्हणाला, "बाहेर आहे." वायरमन म्हणाला, "बाहेर आहे." हल्ली तोही दात काढत नाही. मी बटणाकडे हात नेला, तर मागून हे येताना दिसले. स्टोअरचा निळा डगला, खिशाला पेन.

"काका, तुमचं काय काम इथं?" नवा मिस्तरी म्हणाला. ह्यांची त्याच्याकडे पाठ होती.

हे काचेसमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हात बाजूला, मान ताठ. आपला आवाज केवढा येतो हे आता ह्यांना कळत नाही, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "बाहेर आहे."

मी मान हलवली. ह्यांना दिसेल अशी, नीट. मग बटण दाबलं.