मुंग्यांना कळलेली साखर

वढवाणच्या जैन ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे समाजाच्या सभागृहात, त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार रस्त्यावर आला होता, आणि पंख्याखालच्या जागेवरून दोन विहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. एवढी माणसं लग्नालाही जमत नाहीत. पण लग्नात नुसतं जेवण असतं, इथे चमत्कार होता.

व्यासपीठावर अन्नयोगी प्रसन्नभाई उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, कपाळावर केशराचा टिळा आणि हातात खाखरा, कडक भाजलेली पातळ पोळी. या गावात माणसाच्या दातांबरोबर येतो आणि दातांबरोबरच जातो, तोच खाखरा. त्यांनी आधी बाजारच्या पिठाचा खाखरा वर धरला आणि त्यावर तपकिरी औषधाचे दोन थेंब टाकले. थेंब पडले तिथे खाखरा काळाकुट्ट झाला. ही साखर, प्रसन्नभाई म्हणाले, अन्नात लपून बसलेली चोर साखर. मग त्यांनी स्वतःच्या पिठाचा खाखरा घेतला. पुन्हा दोन थेंब. थेंब जरा वेळ पिवळे दिसले आणि विरून गेले. खाखरा होता तसाच गोरा.

चारशे माणसांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

"मी या गव्हाला एकवीस दिवस मंत्र ऐकवला," प्रसन्नभाई म्हणाले, "आणि एकविसाव्या दिवशी गव्हाने साखर सोडली. हा दीक्षा घेतलेला गहू आहे."

दीक्षा घेतलेल्या गव्हाचा भाव संसारी गव्हाच्या चौपट होता, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. एका मास्तरांनी भीत भीत विचारलं की, साखर मोजायच्या मीटरचं काय. त्यावर प्रसन्नभाई असं हसले की मास्तरांनाच लाज वाटली. मीटर रक्त बघतं, म्हणाले, आणि रक्त म्हणजे कालचं अन्न. तीन महिने जुनी साखर बाहेर पडत राहील, मीटर उगाच घाबरवेल, तेव्हा त्याला कपाटात ठेवा. आणि गोळ्या बंद करा, कारण गोळी आणि सिद्ध अन्न एका पोटात नांदत नाहीत. माणूस कसा फसतो ते इथेच बघून घ्या. जी दोन साधनं खोटं उघडं पाडू शकली असती, तीच दोन आधी घराबाहेर काढली गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रांगेत रमणीकभाई बसले होते. वय बासष्ट, कापडाच्या दुकानातून निवृत्त, साखर अकरा वर्षांची. त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोचं, रसीलाबेनचं मनगट घट्ट धरलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

"रसीला," ते हळूच म्हणाले, "तुझ्या हातचा खाखरा मला परत खाता येईल."

हे वाक्य समजायचं तर त्या घरात सात महिने काय चाललं होतं ते कळायला हवं. रसीलाबेन खाखरे करून विकत. पहाटे कणीक मळायची, पोळी पातळ लाटून अर्धकच्ची भाजायची, मग तव्यावर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत कडक करायची. तीस वर्षं तव्यावर दाबून दाबून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. अख्ख्या गल्लीला त्या भाजणीच्या वासाने जाग येई. आणि त्याच घरात डॉक्टर बिजलने रमणीकभाईंचं धान्य बंद केलं होतं.

बिजल गल्लीतलीच पोरगी. साखर भारी वाढली तेव्हा तिने काकांना समोर बसवून सांगितलं की, साखर नुसती गोडात नसते. पोळी, भात, पोहे, खाखरा, सगळ्याची पोटात साखरच होते. काकांनी कपाळाला हात लावला. जैनाचं घर, अंडं नाही, कांदा-बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर घास नाही, आणि आता धान्यही नाही, तर मी काय हवा खाऊ, असं त्यांनी विचारलं. बिजलने चिडून नाही, शांतपणे कागद भरून दिला. पनीर, दही, शेंगदाणे, तीळ, बदाम, मेथी, दुधी, तोंडली, ओलं खोबरं, मुगाचं एखादं धिरडं. आणि गोळ्या नेमाने.

रमणीकभाईंनी ते पाळलं. ओट्यावरचे मित्र चिडवत, पनीर खाऊन खाऊन हा आता भांगडा नाचणार म्हणून. ते हसून घेत. सात महिन्यांत साखर निम्म्याहून खाली आली, गोळ्या अर्ध्या झाल्या, बिजलने पेढा नाही म्हणून काकडी भरवली. पण सकाळी तवा तापला की हा माणूस चहाचा कप घेऊन गच्चीवर जाऊन बसे. एकदा रसीलाबेन कपडे वाळत घालायला वर गेल्या, तर ते फुटलेल्या खाखऱ्याचा एक तुकडा नाकाशी धरून नुसते बसले होते. खाल्ला नव्हता. रसीलाबेन तशाच खाली आल्या आणि दिवसभर त्यांना कशातच चव लागली नाही.

म्हणून वाडीतून येताना सिद्ध गव्हाच्या पिठाच्या पिशव्या आल्या, तेव्हा त्या नाही म्हणाल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी कणीक मळताना बोटं चुरचुरली. तव्याने भाजलेल्या बोटांवर बारीक भेगा होत्या. त्यांत लिंबू शिरावं तशी आग झाली. गव्हाच्या पिठाने हात चुरचुरत नाही, हे तीस वर्षं कणीक मळणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. खाखरा चाखला, तर आंबूस. त्यांनी तसं सांगितलंही. रमणीकभाई तोवर चौथा खाखरा तुपाबरोबर मोडत होते. "तपाला थोडा आंबटपणा असणारच," ते म्हणाले, आणि तोंडभर हसले. ते हसू रसीलाबेननी सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या गप्प बसल्या. तिथेच चुकलं, असं त्या पुढे आयुष्यभर म्हणणार होत्या.

गोळ्या बंद झाल्या. मीटर कपाटात, साड्यांच्या खाली गेलं. बिजलकडे जाणं थांबलं; ती रस्त्यात भेटली की काका दुसऱ्या गल्लीने जात. पंधरा दिवसांनी प्रसन्नभाईंनी त्यांना व्यासपीठावर उभं केलं आणि त्यांनी चारशे माणसांसमोर सांगितलं की, रोज आठ खाखरे खातो, गोळी नाही, ठणठणीत आहे. ते ऐकून शेजारच्या, साखरेच्याच रोगी असलेल्या कांताबेननी स्वतःसाठी पिशव्या घेतल्या. रमणीकभाई आयुष्यात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला.

मग तहान सुरू झाली. रमणीकभाईंचा चौविहार होता, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. आजाऱ्याला सूट असते, हे उपाश्रयातल्या साध्वीजींनी दोनदा सांगून पाहिलं. पण मी आजारी कुठे आहे, असं त्यांचं उत्तर. चैत्राचं ऊन, रात्रभर कोरडा घसा. सकाळी सूर्य उगवला की ते समोर पाण्याचा लोटा ठेवून घड्याळाकडे बघत बसत, कारण उगवल्यावरही अठ्ठेचाळीस मिनिटं थांबायचा नेम होता. शरीर परीक्षा बघतंय, म्हणत. आणि वेळ झाली की लोटाच्या लोटा घटाघटा पीत, पुन्हा भरून घेत.

त्याच दिवसांत मोरीत मुंग्या यायला लागल्या. ते लघवीला जाऊन आले की थोड्या वेळात तिथे काळी रांग लागे. रसीलाबेनचं घर जीवदया पाळणारं. मुंगीवर पाणी ओतायचं नाही, पावडर टाकायची नाही. त्या पूंजणी, म्हणजे जीव न दुखवता झाडायची सुताची मऊ कुंचली, घेऊन उकिडव्या बसत, एकेक मुंगी हळूच कागदावर घेत आणि अंगणातल्या तुळशीपाशी सोडून येत. दिवसातून तीनदा, चारदा. एकही मुंगी दुखावली नाही, याचं त्यांना समाधान वाटे. मुंग्या कशासाठी आल्या, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. मुंगी साखरेवर येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सगळं लक्ष तिला वाचवण्यात गेलं.

वैशाखात रमणीकभाईंच्या टाचेला चप्पल लागली. साधी जखम. हळद भरली, ती भरेना. आठवड्यात पाय काळा-निळा झाला आणि एका सकाळी लोट्यापाशीच ते कोसळले. बिजल धावत आली, तिनेच गाडी काढून सुरेंद्रनगरच्या इस्पितळात नेलं. साखर सहाशेच्या घरात. जखमेचं विष अंगात पसरलं होतं.

इस्पितळाच्या बाकावर बिजलने एवढंच विचारलं की, काकी, काय खात होते. रसीलाबेननी पदराच्या गाठीतून खाखरा काढला. शुद्धीवर आले की मागतील म्हणून आणला होता. त्यांनी सगळं सांगितलं, वाडीतल्या दोन थेंबांपासून आणि चुरचुरणाऱ्या बोटांपासून मुंग्यांपर्यंत. बिजलने एक कण जिभेवर ठेवला, मग परिचारिकेकडून जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन मागून घेतलं. दोन थेंब टाकले, ते विरले. ती टाकतच राहिली. नववा थेंब पडला आणि सिद्ध गव्हाचा खाखरा शाईसारखा काळा झाला.

रसीलाबेन त्या काळ्या डागाकडे बघत राहिल्या. आत, काचेपलीकडे, त्यांचा नवरा शेवटचे दिवस मोजत होता. चौथ्या दिवशी दुपारी रमणीकभाई गेले. जाण्याआधी एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं होतं, "मीटर काय म्हणतं?" रसीलाबेन म्हणाल्या, "छान आहे." त्यांचे डोळे समाधानाने मिटले. हे खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त रसीलाबेननी अजून कुणाकडे मागितलेलं नाही.

तेराव्या दिवशी वाडीत पुन्हा प्रसन्नभाई आले. त्यांनी सांगितलं की, रमणीकभाई मोठे पुण्यात्मे, आयुष्य संपलं होतं म्हणून गेले, पण गेले ते बिनसाखरेचे. कांताबेन पहिल्या रांगेत मान डोलवत होत्या. तेवढ्यात मागून माणसं बाजूला होऊ लागली. नवऱ्याला जाऊन महिना व्हायच्या आत बाई उंबरा ओलांडत नाही, आणि पांढऱ्या साडीतल्या रसीलाबेन मधून चालत येत होत्या. मागे बिजल.

त्या व्यासपीठावर चढल्या आणि हात जोडून जय जिनेंद्र म्हणाल्या.

"भाई, तुम्ही दोनच थेंब का टाकता?"

प्रसन्नभाईंनी बेनचं मन दुःखाने ठिकाणावर नाही असं काही सुरू केलं. रसीलाबेननी त्यांच्यासमोरची बाटली उचलली आणि त्यांच्याच खाखऱ्यावर थेंब टाकायला सुरुवात केली. तिसरा विरला, चौथा विरला. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. आठवा जरा रेंगाळला. नववा पडला आणि काळा डाग बशीएवढा पसरला. त्यांनी खाखरा वर धरून सगळीकडे फिरवला.

मग बिजलने सर्दीत चघळायच्या नारिंगी आंबट गोळ्यांचं पाकीट काढलं. दोन गोळ्या चुरून पाण्यात कालवल्या आणि ते पाणी बाजारच्या, संसारी गव्हाच्या खाखऱ्याला चोपडलं. दोन थेंब टाकले, विरले. मंत्र नाही, दीक्षा नाही. हे जीवनसत्त्व क, ती म्हणाली, औषधाच्या दुकानात मिळतं. ते आयोडीनचा रंग खाऊन टाकतं, त्याची भूक भागली की रंग परत दिसतो. आयोडीन ज्याने काळं होतं ते गव्हातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, जागच्या जागी असतं आणि पोटात गेलं की त्याची साखर होते. पिठात ही आंबट भुकटी मिसळली की झाला सिद्ध गहू. प्रसन्नभाई तोपर्यंत त-त-प-प करत मागच्या दाराकडे सरकले होते. त्यांना तिथे ओट्यावरच्या मित्रांनी अडवलं आणि पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

रसीलाबेनना प्रसन्नभाईंकडे बघायचंही नव्हतं. त्या कांताबेनकडे बघून बोलल्या.

"माझे हात चुरचुरले, मी गप्प बसले. खाखरा आंबट लागला, मी गप्प बसले. मोरीत मुंग्या आल्या, मी त्यांना उचलून जपून बाहेर सोडलं. अहो, मुंग्यांना कळलं होतं. विचारायचं ते मीच विचारलं नाही. ह्यांना खाखरा खाताना बघून मला इतकं बरं वाटत होतं, की मीटर लावायची मला भीती वाटली. कांता, आज घरी जा आणि मीटर लाव. आकडा वाईट आला तर रड, माझ्याकडे ये, आपण दोघी रडू. पण बघ."

कांताबेन उठल्या. पिशवीतलं पीठ त्यांनी व्यासपीठावर ठेवलं आणि बिजलचा दंड धरून बाहेर पडल्या. त्यांची साखर चारशेच्या वर निघाली, पण पाय शाबूत होता, आणि आज त्या पनीरला नावं ठेवत ठेवत जिवंत आहेत.

आता सांगायचं ते सरळ सांगतो. जो माणूस तपासू नका म्हणतो, तो तपासायला घाबरतो. उपास करा, व्रत करा, तुमचा देव तुमच्यापाशी. पण औषध बंद करायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. दोन थेंबांवर थांबू नका, तिसरा टाका, नववा टाका. आणि जे आपल्याला फार आवडतं तेच खरं आहे असं कुणी सांगू लागलं, तर दुप्पट तपासा, कारण आपण तिथेच आंधळे होतो.

रसीलाबेननी महिन्याने पुन्हा तवा ठेवला. सकाळी पूंजणी घेऊन त्या सवयीने मोरीत गेल्या आणि उकिडव्या बसल्या. फरशी कोरडी होती. एकही मुंगी नव्हती. मग कितीतरी वेळ त्या तिथून उठल्या नाहीत.